चंदा नव्हे, हिशेब

मतदानाच्या आदल्या दिवशी आमची शाळा ओळखू येत नाही. दारातल्या दोन पायऱ्यांवर फळ्या टाकून किंवा सिमेंट ओतून उतार केला जातो. वर्षभर बंद असलेल्या ट्यूबलाइट लागतात. मुतारीच्या दाराला कडी बसते, पाण्याचे जार येतात, व्हरांड्यात मंडप पडतो. मतदान केंद्रावर म्हाताऱ्यांसाठी, अपंगांसाठी रॅम्प हवा, पिण्याचे पाणी हवे, उजेड हवा, स्वच्छतागृह हवे, असा नियमच आहे. नियम चांगला आहे. आमची त्याला हरकत नाही. पण ही तयारी बघताना दर वेळी एक प्रश्न मनात येतो. मतदार इथे पाच वर्षांतून दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटांसाठी येतो. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि आठवीपर्यंतच्या मुलांसाठी २२० दिवस भरते. मग रॅम्प आणि कडी मुलांसाठी का नाही?

आम्ही उर्दू माध्यमाच्या एका शाळेतले आठ शिक्षक. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या अलीकडे, दाट वस्तीत आमची दुमजली शाळा आहे. शाळेचे नाव लिहीत नाही. इमारत ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे त्याचेही लिहीत नाही. नावे लिहिली की प्रश्न एका शाळेचा होऊन बसतो आणि बाकीचे सुटतात.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैत, एका सोमवारी सकाळी आम्ही सातवीचा वर्ग उघडला तर तिसऱ्या बाकावर स्लॅबचा तुकडा पडलेला. चांगला परातीएवढा. बाकाची फळी मधोमध चिरली होती. वर बघितले तर छताला खड्डा आणि त्यातून तीन सळया दिसत होत्या, तपकिरी, पापुद्रे सुटलेल्या. रविवारी रात्रभर पाऊस होता. त्या बाकावर बसणारी मुलगी दप्तर छातीशी धरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "टीचर, आज मैं कहाँ बैठूँ?" आम्ही तिला दुसरीकडे बसवले. हजेरी घेतली. हजेरी घेताना आमच्यातल्या एकीचा हात थरथरत होता, एवढेच मुलांना दिसले.

नवी मुंबईत राहणाऱ्याला स्लॅब पडणे नवीन नाही. खाडीची खारी हवा आणि पावसाचे पाणी काँक्रीटमधून आत झिरपते, सळई गंजते. गंजलेले लोखंड फुगते. मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा त्याला लागते आणि ती जागा ते काँक्रीट फोडून घेते. म्हणून आधी भेग, मग फुगवटा, मग पोकळ आवाज आणि शेवटी तुकडा. हे एका दिवसात होत नाही. इमारत वर्षानुवर्षे सांगत असते.

आमच्या इमारतीनेही सांगितले होते. आणि इथे आमची चूक लिहिली पाहिजे, कारण ती लपवून दुसऱ्याकडे बोट दाखवणे बरे नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचे मतदान होते. त्याच्या थोडे आधी, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही शाळेला रंग दिला. सातवीच्या छताला तेव्हा लांब भेग होती आणि तिच्या कडेने तपकिरी डाग. अर्ज करून कंटाळलो होतो. वस्तीतून चंदा जमवला. कोणी पन्नास दिले, कोणी पाचशे. एका पालकाने गवंडी आणला, त्याने भेगेत सिमेंट भरले, वरून पुट्टी मारली आणि पांढरा रंग दिला. वर्ग चकचकीत झाला. मतदानाला आलेले लोक म्हणाले, शाळा छान ठेवली आहे. आम्हीही खूश झालो. गंज आत तसाच वाढत होता. आम्ही फक्त त्याचे तोंड बंद केले होते. डाग दिसत राहिला असता तर कदाचित एखाद्या मतदाराने मान वर करून विचारले असते. ती संधीही आम्ही रंगवून टाकली.

तुकडा पडल्यावर आम्ही पुन्हा अर्ज लिहिला. अर्ज मराठीत लिहावा लागतो, म्हणून ते काम आमच्यातल्या ज्यांचे मराठी बरे त्यांच्याकडे. उत्तर आले नाही, मग स्मरणपत्र. मग "आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवला आहे" असे उत्तर. कोणाकडे जावे तेही कळेना. नवी मुंबई महापालिकेची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली होती. त्या नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि नंतर पाच वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकांकडे होता. आमची पहिलीतली मुले सहावीत गेली, पण दाराशी जाऊन विचारावे असा निवडून आलेला माणूस प्रभागात नव्हता.

त्याच महिन्यात, २५ जुलैला, राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी सरकारी शाळेचे छत सकाळी कोसळले आणि सात मुले गेली. त्या दिवशी आम्ही शिक्षकांच्या खोलीत कोणी कोणाशी बोललो नाही. केंद्राने लगेच राज्यांना सर्व शाळांची सुरक्षा तपासायला सांगितले. आमच्याकडेही एक तक्ता भरायला आला. इमारत सुस्थितीत आहे काय, होय किंवा नाही. अग्निशमन यंत्र आहे काय, होय किंवा नाही. यंत्र होते, दोन होती. त्यांवर लिहिलेली मुदत कधीच संपली होती. "होय" लिहायचे की "नाही"? २००४ साली तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागून ९४ मुले जळून मेली. त्यावरून सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देशातल्या सर्व शाळांना आग विझवण्याची साधने बंधनकारक केली. ९४ मुलांनंतर आलेली ती वस्तू आमच्या भिंतीवर होती, पण रिकामी. आम्ही "नाही" लिहिले.

ऑगस्टमध्ये पालकांची सभा घेतली. फळ्यावर आम्ही उर्दूत एकच शब्द लिहिला, मखदूश. मुंबईच्या उर्दू वर्तमानपत्रांत पावसाळ्यात हा शब्द रोज असतो. पडायला आलेल्या इमारतीला मखदूश इमारत म्हणतात. ज्यांना वाचता येत नाही त्या खालांनाही शब्द माहीत होता. सभेत शांतता पसरली.

मग मार्केटयार्डात हमाली करणारे एक चाचा उठले. म्हणाले, "टीचर, इसमें क्या है? जुम्मे को एलान करवा देते हैं. सदका-ए-जारिया का काम है, पैसा एक दिन में जमा होगा." माना डोलल्या. आणि खरे होते ते. आमच्या वस्तीत मशिदीच्या फरशीला, मदरशाच्या जेवणाला, गावाकडच्या पूरग्रस्तांना पैसा कमी पडल्याचे आम्ही कधी ऐकले नाही. आमच्या लोकांची दानत मोठी आहे. तिच्याबद्दल आम्हाला अभिमान आहे.

पण आम्ही नको म्हणालो. जे झाले होते ते सांगितले. मागच्या दिवाळीत तुमच्याच चंद्याने भेग झाकली, तुमच्याच मुलीच्या बाकावर तुकडा पडला. स्लॅब ही गवंड्याची गोष्ट नाही. हातोड्याने ठोकून, यंत्र लावून, सळई किती उरली ते अभियंत्याने तपासायचे असते. आणि ही इमारत आपल्या मालकीची नाही, जनतेच्या मालकीची आहे. तिच्या खांबाला हात लावायचा आपल्याला अधिकारही नाही.

एक तरुण बाप रागावला. "तुम्हाला कायदा सुचतो, आमची पोरे खाली बसतात." त्याला काय उत्तर द्यावे? तो चुकीचे बोलत नव्हता. दुसऱ्याने वेगळे काढले. उर्दू शाळेची मुले दरवर्षी कमी होत आहेत, दोन-चार वर्षांत शाळा बंदच होईल, तिच्या छताचे काय एवढे? आम्हाला ते जास्त लागले. कारण यातले आधी काय झाले आणि नंतर काय हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. छत गळते म्हणून ऐपतवाले पालक मुलांना इंग्रजी शाळेत घालतात. पट कमी झाला म्हणून दुरुस्ती मागे पडते. दुरुस्ती नाही म्हणून आणखी चार जण जातात. शेवटी जे राहतात त्यांना दुसरीकडे जायला पैसे नसतात. स्लॅबखाली तेच बसतात.

आमच्या समाजात शिक्षणाची चर्चा निघाली की मदरसा हा विषय निघतोच. बाहेरचेही तोच काढतात आणि आपलेही. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात सांगितले होते की शाळेच्या वयाची फक्त सुमारे ४ टक्के मुस्लिम मुले मदरशात शिकतात. बाकीची, जी शिकतात ती, साध्या शाळांत शिकतात. म्हणजे आमची बहुतेक मुले ज्या छताखाली बसतात त्या छताचा विचार आमच्या जलशांत होत नाही, बयानांत होत नाही आणि निवडणुकीतही होत नाही. चंदा देऊन आम्ही मोकळे होतो. हिशेब मागायची सवय आम्हाला लागलीच नाही. मागितले तर भीक मागितल्यासारखे वाटते आणि दिले तर उपकार केल्यासारखे.

त्या सभेत चाचांनी जाता जाता विचारले, "हम झोपडीवाले, हम कौन सा टॅक्स भरते हैं, कि हक माँगें?" या एका वाक्याने आम्हाला काम दिले.

सातवीला शेकडेवारी चालू होती. आम्ही फळ्यावर गणित घातले. मोबाइलचे २९९ रुपयांचे रिचार्ज केले, त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला आहे, तर सरकारला किती गेले? मुलांनी आधी २९९ चे १८ टक्के काढले, ते चुकले. मग समजावले की २९९ हे कर मिळवून आहेत. उत्तर आले ४५ रुपये ६१ पैसे. वर्गात कुजबुज झाली. दुसऱ्या दिवशी गृहपाठ दिला. घरात महिन्यात कशाकशावर कर भरला ते आईला विचारून लिहा. साबण, चप्पल, अब्बांच्या रिक्षाचा सुटा भाग. ज्यांचे पक्के घर होते त्यांना मालमत्ता कराचे बिल आणायला सांगितले. त्यावर शिक्षण कराची ओळ वेगळी छापलेली असते. तो उपकर महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने आला. आयकरातही शिक्षणाचा उपकर २००४ पासून आहे. मुलांनी बेरजा घरी नेल्या. एका मुलाच्या आईने दुसऱ्या दिवशी गेटवर अडवून विचारले, "आपा, हे सगळे आम्ही भरतो? खरेच?" आम्ही म्हणालो, खरेच. म्हणजे तुम्ही चंदा आधीच दिला आहे, पावती तेवढी मागायची आहे.

शिक्षणहक्क कायद्यात प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ही समिती शाळा विकास आराखडा करते. कायद्याच्या बाविसाव्या कलमात लिहिले आहे की शासनाने किंवा स्थानिक संस्थेने द्यायच्या अनुदानाचा आधार हाच आराखडा असेल. आमच्याकडे समिती होती, सह्यांपुरती. आराखडा दरवर्षी मागच्या वर्षीचाच नवी तारीख घालून जात होता. तोही दोष आमचाच. या वेळी समितीच्या सहा आया दुपारी जमल्या. कोणी इमिटेशन दागिन्यांचे मणी ओवत होत्या, कोणी मांडीवर पोर घेऊन. पहिल्या ओळीत त्यांनी लिहायला लावले : इमारतीची संरचनात्मक तपासणी. दुसऱ्या ओळीत : आग विझवण्याची भरलेली यंत्रे, त्यांचे दर सहा महिन्यांनी प्रमाणपत्र. तिसऱ्या ओळीत : जिन्याला कठडा. रंगकाम त्यांनी खोडून टाकले.

१५ जानेवारी २०२६ ही महापालिकेच्या मतदानाची तारीख जाहीर झाली आणि वस्तीत गाड्या फिरू लागल्या. आम्ही शिक्षक. आम्हाला प्रचार करता येत नाही आणि करायचाही नव्हता. उलट निवडणुकीची कामे आम्हालाच करावी लागतात. शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसऱ्या बिगरशैक्षणिक कामाला लावू नये असे कायदा म्हणतो. त्यात निवडणूक आहेच. म्हणून आम्ही कोणा उमेदवाराला भेटलो नाही. आराखड्याच्या झेरॉक्स आयांकडे होत्या, त्या आराखड्याच्या मालकीणही त्याच होत्या. तरी वरून निरोप आला की शाळेतून राजकारण चालले आहे असे कानावर येते. आम्ही लेखी कळवले की शेकडेवारी अभ्यासक्रमात आहे.

एका संध्याकाळी एक उमेदवार गल्लीत आले. माणूस बोलायला नम्र होता. आराखडा बघून म्हणाले, "ताई, निवडणूक झाली की स्वखर्चाने सगळी शाळा रंगवून देतो. बाकंही देतो." समितीतल्या एक बाजी, चौथी शिकलेल्या, बुरख्याची जाळी वर करून म्हणाल्या, "रंग नको भाऊ. रंग आम्ही लावून बघितला. इमारत सी-एक आहे की सी-दोन, तेवढे लिहून आणून द्या."

उमेदवार चमकले. बाजींना हे कुठून ठाऊक? पण दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघते ती वस्तीत सगळेच वाचतात, तिच्यात आपले घर आहे का म्हणून. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. तीस वर्षे झालेल्या इमारतीची तपासणी करून घेणे महापालिका कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. घरासाठी जी यादी वाचली जाते ती शाळेसाठी बाजींनी वाचली, एवढाच फरक. नंतर आणखी तीन उमेदवार आले. प्रत्येकाला तोच प्रश्न गेला.

आमच्यातल्या एकाची मावसबहीण अमेरिकेत कॅलिफोर्नियात असते. तिने सांगितले, तिकडे शाळेच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढायचे तर मतपत्रिकेवर तसा प्रश्नच छापलेला असतो. शाळांसाठी एवढी रक्कम उभारावी का? त्यासाठी घराच्या दर लाख डॉलर किमतीमागे कर इतका वाढेल. होय किंवा नाही. पूर्वी दोन तृतीयांश मते लागत, २००० सालापासून ५५ टक्के पुरतात. आणि तिथे शाळांच्या बांधकामाचा कडक कायदा १९३३ साली झाला. लाँग बीचला मार्च महिन्यात संध्याकाळी भूकंप झाला, शाळा पडल्या. शाळा सुटून गेलेल्या होत्या म्हणून वर्गांत मुले नव्हती. आमच्याकडच्या रविवारसारखेच. फरक एवढाच की तिथे एका महिन्यात कायदा झाला.

आमच्या मतदाराला कोणी असे विचारत नाही. १५ जानेवारीला आम्ही दुसऱ्या एका शाळेत मतदान अधिकारी म्हणून बसलो होतो. या वेळी बहुतेक प्रभागांत चार जागा, म्हणून एकेका मतदाराने चार-चार बटणे दाबली. त्यातले एकही छपरासाठी नव्हते. बोटाला शाई लावता लावता आम्ही त्या खोलीचे छत बघत होतो. तिथेही कोपऱ्यात तपकिरी डाग होता. मतदार यादीतले नाव बघतात, पडद्याआड जातात, बाहेर येतात. मान वर कोणी करत नाही. आमच्या शाळेत मात्र, आम्हाला नंतर कळले, आयांनी आपल्या नवऱ्यांना, सासऱ्यांना सांगून ठेवले होते की मत देऊन झाले की सातवीच्या वर्गाच्या खिडकीतून वर बघून या. या वेळी तिथे रंग नव्हता. सळया तशाच होत्या.

फेब्रुवारीत तपासणीची माणसे आली. दोन दिवस ठोकाठोक केली. निकाल सी-२ए. इमारत रिकामी करा, मग दुरुस्ती.

इथे गोष्ट संपली असती तर लिहायला सोपे होते. शाळा रिकामी झाली. आम्हाला मोठ्या रस्त्यापलीकडच्या एका शाळेत दुपारची पाळी मिळाली. साडेपाचला सुटते. हिवाळ्यात लवकर अंधारेल, ट्रकांचा रस्ता ओलांडावा लागतो. नऊ मुली यायच्या बंद झाल्या. त्यात तिसऱ्या बाकावरची एक आहे. ज्या तरुण बापाने तेव्हा आमच्यावर राग काढला होता तो भेटला आणि शांतपणे म्हणाला, "छत माँगने गए, स्कूल दे के आए." त्याला भीती आहे की रिकामी झालेली उर्दू शाळा परत भरत नाही, दुरुस्तीच्या नावाने कायमची मिटते. ही भीती आम्हालाही आहे. रात्री झोपताना वाटते, आपण बरोबर केले ना?

मग तो बाक आठवतो. मधोमध चिरलेली फळी. रविवार होता म्हणून. एवढ्यावर आम्ही किती वर्षे शाळा चालवणार होतो?

सध्या आमच्यातले दोघे दररोज दुपारी रस्त्याच्या या बाजूला उभे राहतात आणि मुलींना एकत्र पलीकडे नेतात. नवांपैकी चार परत आल्या. बाकीच्या पाचांच्या घरी जाणे चालू आहे. बाजी दर पंधरा दिवसांनी कार्यालयात जाऊन विचारतात, दुरुस्तीची रक्कम अंदाजपत्रकात कोणत्या पानावर आहे. परवा त्यांना सांगितले गेले, लवकरच होईल. त्या म्हणाल्या, "लवकर नको, पान सांगा."

चाचांनी मात्र आपला हट्ट सोडलेला नाही. मागच्या जुम्म्याला त्यांनी मशिदीबाहेर एलान करवलेच. पैशांसाठी नव्हे. दुपारी रस्ता ओलांडून द्यायला ज्यांना वेळ असेल त्यांनी नाव द्यावे, एवढेच. सात नावे आली आहेत.